लिबरेटर १/७२ : आरपार तुळई, सरकते दरवाजे आणि नाकातले शिसे

कन्सॉलिडेटेड कंपनीच्या बी-२४ जे लिबरेटर या दुसऱ्या महायुद्धातल्या चार इंजिनी अमेरिकी बॉम्बरच्या, मूळ विमानाच्या १/७२ आकाराच्या मॉडेलचे काम आता पंखापर्यंत आले आहे. डावा आणि उजवा पंख टेबलावर शेजारी ठेवून पट्टी लावली तेव्हा टोकापासून टोकापर्यंत साडेशेहेचाळीस सेंटिमीटर भरले, आणि सरासरी रुंदी मात्र जेमतेम चार सेंटिमीटर. कपाटात याच प्रमाणातले बी-१७, म्हणजे त्याच काळातला दुसरा अमेरिकी बॉम्बर, आहे. त्याचा पंख लांबीने पावणेतीन सेंटिमीटर कमी असूनही सरासरी रुंदी पावणेसहा सेंटिमीटरच्या आसपास आहे. प्रत्यक्ष विमानांचे आकडे पाहिले तर लिबरेटरचा पंखविस्तार ११० फूट आणि पंखाचे क्षेत्रफळ १,०४८ चौरस फूट, तर बी-१७ चा विस्तार सुमारे १०४ फूट आणि क्षेत्रफळ १,४२० चौरस फूट. लिबरेटरच्या रचनेतील बहुतेक सगळ्या गोष्टी या एका लांब, अरुंद पंखापासून सुरू होतात, असे माझे मत या बांधणीत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे.

हा पंख डेव्हिड डेव्हिस यांच्या एअरफॉइलवर, म्हणजे पंखाच्या छेदाच्या आकारावर, आधारलेला होता. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या विंड टनेलमध्ये (वाऱ्याच्या झोतात मॉडेल तपासण्याच्या बोगद्यात) त्याचे निकाल इतके चांगले आले की तिथल्या संशोधकांना आधी आपल्या उपकरणांचीच शंका आली आणि त्यांनी चाचण्या पुन्हा केल्या. कन्सॉलिडेटेडने तो प्रथम आपल्या मॉडेल ३१ या उडत्या बोटीला लावला आणि नंतर बॉम्बरला. एक्सबी-२४ चे, म्हणजे बॉम्बरच्या पहिल्या नमुन्याचे, पहिले उड्डाण २९ डिसेंबर १९३९ रोजी झाले. पंख अरुंद आहे, पण पातळ नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. मुळाशी तो चांगला जाड आहे आणि त्याच जाडीत इंधनाच्या टाक्या व चाके सामावली आहेत. हवेच्या कमी अवरोधामुळे मिळालेला लांब पल्ला हे या विमानाचे मोठे बळ ठरले. १९४३ मध्ये अटलांटिकच्या मधोमध हवाई संरक्षणाविना राहिलेला पट्टा बुजवण्यात लांब पल्ल्याच्या लिबरेटरांचा वाटा मोठा होता. त्याची किंमतही होती. फार उंचीवर दाट फॉर्मेशनमध्ये हे विमान सांभाळणे वैमानिकाला बी-१७ पेक्षा जड जाई.

किटमध्ये पंख धडाला लावण्यासाठी दोन छोट्या जिभा दिल्या आहेत. एवढ्या लांब पंखाला त्या पुरत नाहीत. नुसत्या गोंदावर बसवून पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी उजवे टोक चार मिलिमीटर खाली आलेले दिसले. तेव्हा सांधा उकलला आणि तीन मिलिमीटर जाडीची पितळी नळी धडातून आरपार घातली. दोन्ही बाजूंचा किंचित चढ मिळावा म्हणून ती मध्यावर हलकेच वाकवून घेतली होती. मूळ विमानातही पंखाचा मधला भाग धडाच्या वरच्या अंगाने, बॉम्ब-बेच्या (बॉम्ब ठेवण्याच्या कप्प्याच्या) डोक्यावरून आरपार जातो, म्हणून हा उपाय मला रचनेशी प्रामाणिक वाटतो. सांध्याची फट पुट्टीने भरून ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासली. त्यात पुसले गेलेले रिव्हेट सुईने पुन्हा उमटवायचे आहेत.

पंख असा वर गेल्यामुळे खालचे पोट बॉम्बसाठी मोकळे झाले, पण ते जमिनीपासून फार उंच राहिले नाही. खाली उघडणारे दरवाजे तिथे अडचणीचे ठरले असते, म्हणून इथे दुकानाच्या शटरसारखे नालीदार दरवाजे धडाच्या बाजूंना सरकून वर चढतात. उघडल्यावर ते वाऱ्यात लोंबत नाहीत, त्यामुळे लक्ष्यावर असताना विमानाचा वेगही फारसा घटत नाही. पोट जमिनीजवळ असल्यानेच त्याखालचा बॉल टरेट (तोफा बसवलेला फिरता गोल) आत ओढून घेता येईल असा केला. बॉम्ब-बेच्या मधोमध अवघी नऊ इंच रुंद पायवाट आहे. पुढून मागे जायचे तर माणसाला तिच्यावरूनच जावे लागे, आणि दरवाजे माणसाचे वजन पेलण्याइतके भक्कम नव्हते. हीच पायवाट धडाची खालची तुळई म्हणूनही काम करते. माझ्या प्रमाणात ती सव्वातीन मिलिमीटर रुंद होते. किटमधली पट्टी पाच मिलिमीटरची होती, म्हणून ती काढून प्लास्टिक शीटमधून नवी कापली. दरवाजे उघडे ठेवणार असल्याने ही चूक लपली नसती.

सर्वाधिक वेळ गेला तो तोलावर. शेपटीखालच्या चाकाऐवजी नाकाखाली चाक असलेला हा अमेरिकेचा पहिला जड बॉम्बर. मुख्य चाके बाहेरच्या दिशेने वळून पंखात जातात. त्यांच्या मागे लांब धड, जुळी शेपटी आणि टेल टरेट आहे. खऱ्या विमानातही जमिनीवर बरीच माणसे मागे गेली की नाक उचलले जाण्याचा धोका असे. मॉडेलचे सगळे भाग टेपने जोडून मुख्य चाकांच्या आसाखाली पेन्सिल आडवी ठेवली, नाकाला कागदी पेला टांगला आणि नाक खाली येईपर्यंत त्यात गळाची शिशाची वजने एकेक टाकत गेलो. ५८ ग्रॅमला नाक टेकले. रंग आणि बारीक भागांसाठी धरून ६५ ग्रॅम ठरवले. त्यांपैकी निम्मे नोज टरेटच्या मागे आणि कॉकपिटच्या फरशीखाली एपॉक्सीत बसवले, उरलेले आतल्या दोन्ही इंजिनांच्या पोकळीत, कारण तीही चाकांच्या पुढेच येते. हे ओझे नाकाचा प्लास्टिकचा पाय पेलणार नाही, म्हणून त्यात पितळी तार घातली.

इंजिनांचे काऊल (बाहेरची आवरणे) गोल नसून लंबवर्तुळाकार आहेत. प्रॅट अँड व्हिटनी आर-१८३० इंजिनाला टर्बोसुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) जोडल्यावर ऑइल कूलर आणि ती दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरसाठीची हवा दोन्ही बाजूंनी आत घ्यावी लागली, त्यातून हा आकार आला. टर्बो इंजिनपॉडच्या खालच्या अंगाला उघडे दिसतात. तिथे जळक्या तपकिरी रंगाचे पातळ थर देणार आहे.

रंगसंगती भारतीय वायुसेनेची ठरवली आहे. महायुद्धानंतर कानपूरला मोडीत टाकलेल्या लिबरेटरांमधून हिंदुस्तान एअरक्राफ्टने चाळीसहून अधिक विमाने पुन्हा उडवली. नोव्हेंबर १९४८ मध्ये ५ क्रमांकाची स्क्वाड्रन त्यांच्यावर उभी राहिली आणि पुढे ती पुण्यात आली. समुद्री टेहळणीसाठी ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रननेही हीच विमाने १९६८ च्या अखेरपर्यंत वापरली. दिल्लीतील पालमच्या वायुसेना संग्रहालयात त्यांतले एक उभे आहे. ही विमाने उघड्या ॲल्युमिनिअमची असल्याने पृष्ठभागावरचा एकही ओरखडा झाकला जाणार नाही, म्हणून आधी चकचकीत काळ्या प्रायमरचा थर देऊन सगळे सांधे पुन्हा तपासायला घेतले आहेत. उजव्या पंखाच्या मुळाशी अजून केसाएवढी रेघ दिसते आहे. ती भरल्याशिवाय चंदेरी रंगाला हात लावणार नाही.