माड बघूक लंकेत कित्याक?

“अगो, माड नि फणस बघूक लंकेत कित्याक गेलंस? परड्यात कमी पडले?”

वहिनीनं कुडाळला हे विचारलं तेव्हा हसून सोडून दिलं. मग ठाण्यात भिशीच्या बायकांनी तेच जरा नटवून विचारलं: श्रीलंका म्हणजे कोकण-केरळच की, त्यापेक्षा बाली का नाही केलंत? आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

पहिले दोन तास वहिनीचंच खरं होतं. विमानतळावरून मिनीबस निघाली आणि दोन्ही बाजूंना माड, केळी, मधूनच भातखाचरं, कौलारू घरं. एवढे पैसे भरून, पासपोर्टवर शिक्का मारून घेऊन मी कणकवलीला आले होते.

ऑगस्ट होता, म्हणजे श्रावण. आम्ही सोळा जण, नऊ दिवस. निसर्ग आणि संस्कृती अशी जोडसहल असल्यानं दुसऱ्या सकाळपर्यंत बसमध्ये दोन तट पडले. पक्षीवाल्यांना पहाटे पाचला निघायचं असे, देवळंवाल्यांचा आंघोळ-नाश्ता झाल्याशिवाय पाय निघत नसे. मी दोन्हीकडची, त्यामुळे बोलणी दोन्हीकडून खाल्ली.

दंबुल्लाला पहिल्या सकाळी नाश्त्याला ‘पोल संबोल’ आलं. पोल म्हणजे नारळ. ओलं खोबरं, लाल मिरची, छोटे कांदे, वर लिंबू. श्रावण पाळणाऱ्या दोघींनी आप्पमसारख्या ‘हॉपर’बरोबर ते मागून मागून घेतलं. मला पहिल्याच घासाला ओळखीचा वास आला. सुकट म्हणावी तर सुकट नव्हे, पण कूळ तेच. विचारल्यावर कळलं, त्यात ‘उंबलकड’ असते, म्हणजे सुकवलेल्या कुप्याच्या (ट्यूनाच्या) जातीच्या माशाचा चुरा. तो तिथं मसाल्यात जमा. भाजी शाकाहारी आहे का विचारलं की हो म्हणतात, आणि त्यांच्या दृष्टीनं ते खोटं नसतं. त्या दोघींना सांगावं की नाही, यावर मी चहा संपेपर्यंत विचार केला. सांगितलं. एक रडकुंडीला आली. दुसरी म्हणाली, आता खाल्लंय ते खाल्लंय.

दुपारी मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर काळसर पाक. काकवी वाटली, पण धुराचा वास होता. हा ‘कितुल’ नावाच्या झाडाचा पाक, आणि वाढणाऱ्या बाईंनी अंगणातलं झाड दाखवलं तर तो आपला भेर्ली माड! माशाच्या शेपटीसारखी पानं असलेला, लग्नाच्या मांडवाला लावतात तोच. आमच्या परड्यात दोन उभे आहेत. त्याचा तुरा कापून रस धरतात, आटवला की पाक, आणखी आटवला की गूळ. त्या गुळाला म्हणतात ‘हकुरु’. सिंहली ही मराठीसारखीच संस्कृत-प्राकृताच्या घरातली, तमिळ मुलूख ओलांडून पलीकडे नांदायला गेलेली. तिच्याकडे ‘स’चा ‘ह’ होतो: सातला हत, सहाला हय आणि शर्करेचा हकुरु. भाताला तर ‘बत्’च म्हणतात. हे कळल्यावर मी दुकानांच्या पाट्या लिपी न कळताही कुणाकडून तरी वाचून घ्यायला लागले. ग्रुपला त्याचा कंटाळा आला.

सिगिरियाबद्दल फार लिहीत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पाचव्या शतकातल्या काश्यप राजानं जवळपास २०० मीटर उंच कातळावर राजवाडा बांधला. चढताना गुडघे बोलतात. मला आवडली ती वाटेतली गुळगुळीत भिंत. हजार-बाराशे वर्षांपूर्वी आलेल्या प्रवाशांनी वरच्या चित्रांतल्या बायका बघून तिच्यावर कविता कोरल्या आहेत. आपल्या किल्ल्यांवरही लोक काहीतरी कोरून येतात, पण त्यात वृत्त नसतं.

खरं उत्तर पोलोन्नरुवाला, तिथल्या जुन्या राजधानीत, मिळालं, आणि ते ना पक्षीवाल्यांनी दिलं ना देवळंवाल्यांनी. आमच्यात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. बायकोनं आणलं म्हणून आलेले. गल विहाराच्या चार दगडी बुद्धमूर्तींपुढं (निजलेली सुमारे १४ मीटर लांब) सगळे गप्प झाले. तिथं मूर्तीकडे पाठ करून फोटो काढलेला चालत नाही, त्यामुळे सेल्फीवाल्यांची पंचाईत. काका मात्र पराक्रम समुद्राच्या बांधावर गेल्यावर जागे झाले. समुद्र कसला, माणसांनी केलेला तलाव, पण पलीकडचा काठ धूसर दिसावा एवढा. पराक्रमबाहू पहिला, राज्य ११५३ ते ११८६. पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला जाता कामा नये, असं तो म्हणाल्याचं तिथल्या बखरीत आहे. काकांनी ते दोनदा ऐकलं. मग बांधातून पाणी सोडायची जुनी ‘बिसोकोटुव’ ही युक्ती त्यांनी आम्हाला वहीत काढून दाखवली: बांधाच्या पोटात एक चौकोनी विहीर, तलावाचं पाणी आधी तिच्यात येतं, तिथं त्याचा जोर मोडतो आणि मग ते कालव्याला लागतं. नाहीतर मोरीच फुटेल. “आमच्याकडे हे पहिल्या वर्षाला शिकवतात,” ते म्हणाले, “यांनी दोन हजार वर्षांपूर्वी केलंय.”

वहिनी, इथं कणकवली संपली. आपल्याकडे पाऊस किती पडतो सांगायला नको, आणि मे महिन्यात वाडीत टँकर येतो तोही सांगायला नको. आपला सगळा थेंब समुद्राला जातो. श्रीलंकेत मधल्या डोंगरांच्या नैऋत्येला आपल्यासारखाच जूनपासूनचा पाऊस, पण डोंगर ओलांडला की देशावर गेल्यासारखं कोरडं. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबरपासून पुढं. म्हणून जुनी राज्यं त्या कोरड्या भागात तलाव बांधत बसली आणि तलावांवर जगली.

मिन्नेरियाचा तलाव महासेन राजाचा, इसवीच्या तिसऱ्या शतकातला. उन्हाळ्यात, म्हणजे त्यांच्या जुलै ते सप्टेंबरमध्ये, पाणी मागं हटतं, उघड्या पडलेल्या गाळात कोवळं गवत फुटतं आणि आजूबाजूच्या रानांतले हत्ती तिथं गोळा होतात. चांगल्या वर्षी दोनशे-तीनशे. आम्ही मोजले ते साठ-सत्तर. एक हत्तीण जीपपासून वीस पावलांवर होती. गवत तुटत नव्हतं, तेव्हा ती पुढच्या पायाच्या नखांनी हळूहळू ठोकरून सैल करायची, सोंडेनं जुडी उचलायची, गुडघ्यावर दोनदा झटकून माती पाडायची आणि मग तोंडात. शेजारी पिल्लू तिची नक्कल करत होतं. पाय मारायचं जमलं होतं, झटकायचं नव्हतं. मातीसकट खात होतं.

हत्ती कमी का, यावर जीपमध्ये भांडण झालं. मोरगहकंद हे नवं धरण झाल्यावर कोरड्या दिवसांतही मिन्नेरियात पाणी सोडतात, कधीकधी इतकं की गवत बुडतं. पक्षीवाले म्हणाले, हा गुन्हा आहे. काका म्हणाले, तलाव शेतीसाठीच बांधलाय, सतराशे वर्षं शेतीसाठीच आहे, हत्ती नंतर आले. मला दोघांचंही पटत होतं. आमच्याभोवतीच्या तीस-चाळीस जीपांबद्दल मात्र कुणीच काही बोललं नाही. त्यातली एक आमची होती ना.

कँडीत दंतधातूच्या मंदिरात, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या देवळात, आमच्याबरोबर नागपूरच्या एक ताई होत्या. पहिल्या दिवसापासून कुठल्याच तटात नव्हत्या. त्या दिवशी पांढरी साडी नेसून खाली आल्या तेव्हा लक्षात आलं की तिथले सगळे भाविक पांढऱ्यातच असतात. १९५० साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी कँडीला आले होते. ताई सहलीला आल्या त्या एवढ्यासाठी. ओट्यावर फुलं वाहताना त्या हलक्या आवाजात त्रिशरण म्हणायला लागल्या. शेजारची एक म्हातारी थबकली. तीही तेच म्हणत होती, फक्त तिची चाल वेगळी, शब्द जरा ओढून म्हणायची. दोन ओळी दोघींच्या पुढंमागं झाल्या, तिसऱ्या ओळीला म्हातारी थांबली आणि ताईंच्या चालीत आली. एकमेकींचं दुसरं काहीही त्यांना कळत नव्हतं. बाहेर आल्यावर ताईंनी कुणालाच काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

चहाचे मळे, आगगाडी, कमानींचा पूल: झालं सगळं, छान आहे, रील्समध्ये दिसतं तस्संच.

नुवारा एलियाजवळ सीतेचं देऊळ आहे. पक्षीवाले बसमधून उतरायला तयार नव्हते. उतरले कशासाठी, तर जवळच्या हकगलाच्या रानात अस्वलासारखी केसाळ वानरं असतात म्हणून. सीतेला शोधायला वानरं आली होती, हे वानरांना शोधताना सीतेकडे आले.

तीच जात पुढं सिंहराजाच्या रानात भेटली. धो धो पाऊस, मोज्यांवर साबण चोळलेला, तरी जळवा चढतच होत्या. वाटाड्या रबरी चपलांत, आमच्या पायांकडे बघून हसत. वर फांदी हलली तसा तो कुजबुजला, “कळु वंदुरा.” कळु म्हणजे काळा. आणि दुसरा शब्द मला कुणी सांगायची गरज नव्हती. “वांदर!” मी म्हटलं. त्यानं माझा उच्चार सुधारला: “वंदुरा.” मी परत, “वांदर.” असं तीनदा झालं. वांदर तोवर निघून गेलं.

रान आंबोलीसारखंच, अगदी वासासकट. पण रानकोंबडा पुढून गेला तर आपल्यासारखा करडा नाही, तांबडा, आणि तुऱ्याच्या मधोमध पिवळा डाग. पक्ष्यांची वरात आली, पुढं सातभाईंच्या जातीचे, मध्ये कोतवाल. घाटातही अशी वरात असते, पण ह्यातला एकेक जण पुस्तक उघडून बघावा लागला. ह्याच रानात २००१ साली दीपल वारकागोडा यांना एक तांबूस घुबड दिसलं, तोवर त्या जातीची पुस्तकांत नोंदच नव्हती. भारत आणि लंका हिमयुगात जमिनीनं जोडलेले होते, एकदा नव्हे, अनेकदा. तरी आपल्याकडचे ओल्या रानातले बेडूक, खेकडे तिकडे फारसे गेले नाहीत आणि तिकडचे आपल्याकडे फारसे आले नाहीत, कारण सेतू होता पण त्याच्या दोन्ही टोकांना कोरडं माळरान होतं. दिसायला जुळी, वाढली वेगळ्या घरांत.

पण वांदर कोणता आणि रानकोंबडा कसा, हे मला तिथं पटकन दिसलं ते परड्यामुळेच. काका बांधावर रमले, ताई मंदिरात, तशी मी सगळीकडे ‘हे आपल्याकडे असं असतं’ म्हणत फिरले.

गणपतीला कुडाळला गेले तेव्हा वहिनीला सोबत आणलेला हकुरुचा तुकडा दिला. तिनं चाखला, परत चाखला. मग खिडकीतून परड्यातल्या भेर्ल्या माडाकडे बघत म्हणाली, “ह्यो काडतत कसो? वर चडता कोण?”