जाळीची पापणी

दुपारी आरामखुर्चीत लवंडलेल्या माणसाच्या हातून पेपर सुटतो. तो उचलायला जावं, तर मिटल्या डोळ्यांनीच दटावणी येते, "राहू दे, वाचतोय मी!" बिचाऱ्याला पापणी साथ देत नाही. ती पडली की सगळा अंधार. या थापेला साजेशी पापणी मी एका बेडकाकडेच पाहिली, तीही फोटोत.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाला, क्वीन्सलंडच्या पावसाळी डोंगररानांत खळाळत्या ओढ्यांकाठी हा 'लेसलिड' नावाचा झाडबेडूक राहतो. नर जेमतेम अंगठ्याएवढा, मादी थोडी थोराड. शास्त्राच्या वहीत त्याची नोंद झाली १८९७ साली. डोळे अंगाच्या मानाने भलतेच मोठे आणि काळेभोर, बाहुली मांजरासारखी उभी. गंमत आहे ती खालच्या पापणीत. ती काचेसारखी आरपार आणि तिच्यावर बारीक रेषांची जाळी, झरोक्याला असते तशी. दिवसा पानावर झोपताना बेडूक ही जाळी वर ओढून घेतो. एवढे काळे डोळे नुसतेच उघडे राहिले तर हिरव्या पानावर लगेच उठून दिसतील, म्हणून हा पडदा असावा. माझा आपला अंदाज.

बेडकांच्या डोळ्यांचं एकूणच अजब. घास गिळताना ते डोळे आत ओढून घेतात आणि त्या डोळ्यांच्या रेट्याने घास घशात उतरतो. आपणही आवडीच्या घासाला डोळे मिटतो, पण ते नुसतं कौतुक.

याची पिल्लंही चिवट. तोंड पोटाच्या बाजूला, भलं मोठं. धावत्या पाण्यात ती त्याच तोंडाने खडकाला घट्ट चिकटून राहतात. प्रवाहाला पुरून उरणारा हा जीव हरला तो बुरशीपुढे. १९९०च्या आसपास उंचावरचे ओढे त्याच्यावाचून सुने झाले, खालच्या उबदार ओढ्यांवर मात्र तो टिकला. कारण उलगडलं १९९८ मध्ये. कायट्रिड नावाची ही बुरशी गारव्यात फोफावते आणि बेडकाची कातडीच धरते. बेडूक पाणी पितो तेही कातडीतून. ती बिघडली की शरीरातल्या क्षारांचा तोल जातो आणि हृदय थांबतं. डोंगरमाथ्याचा गारवाच त्याच्या जिवावर उठला.

खालच्या ओढ्यांवर मात्र अंधार पडला की जाळी उतरते. आपल्याकडे पापणी पडली म्हणजे माणूस झोपला. इथे पापणी खाली गेली, की बेडूक जागा झाला. मग पानावर बसलेला नर मादीला साद घालायला लागतो.