भुरी जेवत नाही

सोमवार, रात्र

भुरी म्हणजे आमची गिनी पिग, गवत खाणारा छोटा पाळीव प्राणी. तिने सकाळी कोथिंबिरीची काडी उचलली, दोनदा चावल्यासारखं केलं आणि टाकून दिली. परत उचलली, परत टाकली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाईसाहेब मजेत खातायत. घरात सगळ्यांना तसंच वाटलं. मला खटकला तो पिंजऱ्याचा कोपरा. एरवी रोज सकाळी सुपलीभर लेंड्या निघतात, आज मोजता येतील एवढ्याच होत्या. त्याही बारीक, कोरड्या, एका टोकाला निमुळत्या.

संध्याकाळी तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. ८६४ ग्रॅम. काल सकाळी ९०८ होती. साठ किलोच्या माणसाचं वजन दीड दिवसात तीन किलोने उतरावं, तसं हे झालं.

गिनी पिगचा हा स्वभाव मला अजून पचत नाही. मुळात दुसऱ्यांची शिकार होणारा प्राणी, त्याला आजारी दिसणं परवडत नाही. त्यामुळे अंग फुगवून, पाठीचा बाक काढून कोपऱ्यात बसेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. आणि वेळ तर मुळीच नसतो. कुत्र्याने एखादं जेवण सोडलं तर वाट बघता येते. यांच्या आतड्यात गवत कुजवून पचवणारी मोठी पिशवी असते, ती सतत भरती आणि हलती राहावी लागते. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, मग वायू साठतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून खाणं आणखी कमी होतं. शिवाय अंगातली चरबी यकृतात जाऊन बसते, ते वेगळंच. बारा तास पोटात काही गेलं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा, उद्यावर टाकायचं नाही.

फोन केला. पोट फुगून ताठ झालंय का, ते डॉक्टरांनी आधी बघायला लावलं. तसं असेल तर तोंडाने काहीही घालू नका, लगेच घेऊन या, म्हणाल्या. या प्राण्यांना उलटी करता येत नाही, आत अडथळा असताना भरवलं तर जीव जातो. पोट मऊ लागलं. मग रोजचे पेलेट, म्हणजे तिच्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या, कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून सिरिंजने थोडे थोडे द्या आणि सकाळी पहिल्यांदा या, असं ठरलं.

मंगळवार

कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर गिनी पिग बघतात असं नाही, आणि बघणाऱ्यांनाही त्यांची सवय असावी लागते. माणसांना सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन हे जंतुनाशक औषध यांना तोंडाने दिलं तर आतड्यातले उपयोगाचे जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि प्राणी दगावतो. घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावायचा नाही, हे तेव्हाच पक्कं झालं.

पुढचे दात छान होते. ते तर आम्हीही रोज बघतो. घोटाळा मागे, जिथे आपली नजर पोचत नाही. डॉक्टरांनी तोंडात दिवा घालून पाहिलं, तर खालच्या दाढा आतल्या बाजूला कललेल्या आणि एकीचं टोक जिभेत रुतलेलं. यांचे सगळे दात जन्मभर वाढत राहतात. गवत चघळताना झिजले तर ठीक, नाहीतर खालच्या दाढा वाढत वाढत जिभेवर पूल बांधतात. भूक असून खाता येत नव्हतं. काडी उचलायची आणि टाकायची, त्याचा हा अर्थ.

एक्स-रेमध्ये मूतखडा दिसला नाही, दाढांची मुळंही ठीक. भूल देऊन टोकं घासली. आदल्या रात्री उपाशी ठेवतात तसं नको होतं का, असं मी विचारलं. हिला नाही, म्हणाल्या, हिला उपाशी ठेवणं हाच धोका. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम दिलं आणि क जीवनसत्त्वाचे थेंब. माणसासारखंच गिनी पिगलाही हे जीवनसत्त्व अंगात तयार करता येत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांना निव्वळ धान्य खाणाऱ्या गिनी पिगांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार, झालेला दिसला आणि त्यातून त्या आजाराचं कोडं सुटायला लागलं. लेकीला ही गोष्ट इतकी आवडली की थेंब देण्याचं काम तिने स्वतःकडे घेतलं. थेंब पाण्यात मिसळायचे नाहीत. पाण्यात ते टिकत नाहीत, आणि भुरी पाणी पितेय कुठे!

बुधवार, पहाट

किलोमागे दिवसाला ५० ते ८० मिलि पातळ खाद्य, असा हिशोब. म्हणजे भुरीला कमीत कमी चाळीसेक मिलि. सिरिंज एक मिलिची. करा हिशोब.

टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्यायची, डोकं सरळ. पुढच्या दातांमागे बाजूला एक फट असते, तिथून टोक आत घालायचं. अर्धा मिलि सोडायचा, ती चावते का बघायचं, गिळू द्यायचं, मगच पुढचा. मान मागे करून ओतलं तर खाद्य फुफ्फुसात जातं. ती रागावते. मान फिरवते, पंजाने सिरिंज ढकलते, एकदा सगळं माझ्या चष्म्यावर उडालं. आपल्याला वाटतं, आपण तिला वाचवतोय. तिच्या लेखी मी रोज पहाटे येणारी छळवादी बाई. असू दे. रागवायला अंगात जोर लागतो.

गुरुवार

आज तिने गवताची एक काडी खाल्ली आणि घरभर जल्लोष झाला. काट्यावर ८४९. मी जल्लोषात नव्हते.

शिवाय लेंड्या कुणाच्या हा प्रश्न होताच. पिंजऱ्यात भुरीची सोबतीण चिंगीही असते. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं तर भुरी आणखी खचेल, आणि एकत्र ठेवलं तर कोपऱ्यातला ढीग कुणाचा ते कळणार नाही. शेवटी पिंजऱ्यात मधोमध जाळी लावली. दोघी एकमेकींना चिकटून झोपतात, मध्ये फक्त तार. हिशोबही वेगळा राहतो. चिंगीला बाकी आनंदच, भुरीच्या वाटणीचा पालाही तिलाच मिळतोय.

शनिवार

काल ८५२, आज ८६१. सकाळी ढोबळी मिरचीचा तुकडा शेवटपर्यंत संपवला, टाकला नाही. गवत ओढतेय. तरी सिरिंज एकदम बंद करायची नाही, वजन चढत राहिलं तर एकेक वेळ कमी करायची, असं डॉक्टर म्हणाल्या. दाढा परत वाढणार, त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं आहेच.

लेकीने फ्रिजवर तक्ता लावलाय. एक रकाना वजनाचा, एक लेंड्यांचा. लेंड्यांना ती आकार, आकारमान आणि संख्या बघून गुण देते. "आई, आज दहापैकी सहा. अजून जरा वाकड्याच आहेत."