तार कोणती घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. स्टॉप मोशनची, म्हणजे जराशी हलवून एकेक फोटो (फ्रेम) काढत चालवायची बाहुली करायला शिकायचंय म्हणणारे सगळे तिच्या सांगाड्याच्या तारेबद्दल पहिल्यांदा हेच विचारतात. अ‍ॅल्युमिनियमची घ्या, मऊ, दीड ते दोन मिलिमीटरची. कुंपणाची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार वाकवून हात सोडला की थोडी मागे येते, आणि ती मागे आली की त्या फ्रेमवर पाणी. तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे सहज मिळते, पण वाकवता वाकवता ती कडक होते. बोन्सायसाठी विकतात ती अ‍ॅल्युमिनियमची तार सर्वांत चांगली. ती नाहीच मिळाली तर विजेच्या अ‍ॅल्युमिनियम केबलचं आवरण सोलून आतली तार काढा. थोडी ताठ असते, पण चालते.

खरं काम मात्र याच्या पुढे आहे. बाहुली कुठे वाकावी हे सगळ्यांना सुचतं. ती कुठे वाकू नये हे ठरवायला वेळ लागतो, आणि माझ्या मते शिकायचं असतं ते एवढंच.

संक्रांतीला आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसाकडे नीट बघा. एवढी उंच काठी तोलताना गुडघा जरासा सैल सुटतो, कंबर मागे जाते, मान ताठ राहते. मांडी आणि नडगी तसूभरही वाकत नाहीत, म्हणून तर गुडघा दिसतो. नुसत्या तारेच्या बाहुलीचा पाय सगळीकडूनच वाकतो. त्याला गुडघा नसतोच, तो रबरी नळीसारखा दिसतो.

म्हणून आधी कागदावर बाहुली आहे त्या मापात काढायची, वीस-पंचवीस सेंटिमीटरची. सांध्यांवर खुणा करायच्या. तार दुहेरी करून एक टोक ड्रिलमध्ये, दुसरं शिकंज्यात धरून सावकाश पीळ द्यायचा. पीळ फार घट्ट नको, कारण पीळ देतानाही तार कडक होते. पिळाचा दुसरा फायदा असा की एम-सील (मळून लावायची, नंतर कडक होणारी पुट्टी) त्याच्या खाचांत पकडतं आणि हाड तारेवर गोल फिरत नाही. दोन सांध्यांच्या मधे एम-सीलचं हाड चढवायचं आणि सांध्यापाशी साधारण सेंटिमीटरभर तार उघडी सोडायची. फार कमी सोडली तर सगळा ताण एकाच जागी येतो आणि तार लवकर तुटते. उन्हाळ्यात एम-सील लवकर आळतं, तेव्हा एका वेळी थोडंच मळा.

तार तुटणारच, हे धरून चाला. घोटा सर्वांत आधी जातो, कारण सगळा भार त्याच्यावर. तिथे तिहेरी पीळ द्या. पकडीच्या दातांना चिकटपट्टी गुंडाळा. दातांचा बारीकसा ओरखडाही पुढे चिरेची सुरुवात ठरतो. तळव्यात तीन मिलिमीटरचा नट बसवा, म्हणजे बाहुली उभी करायच्या प्लायवुडला भोक पाडून खालून स्क्रूने पाय आवळता येतो. चालणारी बाहुली एका पायावर उभी राहते ती त्या स्क्रूच्या जोरावर.

ही विद्या जुनी आहे. लादिस्लाव स्तारेविच यांनी १९१० च्या सुमारास मेलेल्या भुंग्यांना तारेचे पाय मेणाने चिकटवून चित्रपट केले. एवढ्याशा सामग्रीत ते भुंगे चालले, भांडले. हे आठवलं की मला अजूनही हुरूप येतो.

आपल्याकडे तारेचा सांगाडा आणि कापडाचं अंग हीच जोडी मला योग्य वाटते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना प्लॅस्टिसिन (बाहुल्या घडवायची मऊ माती) दिव्याखाली ढिलं पडतं. पंखा लावावा तर बाहुलीचे कपडे प्रत्येक फ्रेमला हलतात, म्हणून तोही बंद. कापडाला तर सोलापुरात तोटा नाही. टॉवेलच्या चिंध्या पातळ पट्ट्या करून सांगाड्यावर गुंडाळल्या की स्नायूंचा भराव होतो, फक्त सांध्यांवर एकच थर द्या.

आणि पहिल्या बाहुलीला डोकं-हात लावू नका. कंबर आणि दोन पाय करा, स्क्रूने आवळा, आणि तिला टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालवा. सेकंदाला १२ फोटो पुरतात. भार एका पायावरून दुसऱ्यावर जाताना कंबर कशी कलते, ते तिथे कळेल.