एक्सबॉक्सचा पहिला कोड मी कुठून काढला

मायक्रोसॉफ्टचा पहिला, म्हणजे २००१ सालचा एक्सबॉक्स हा गेम कन्सोल सुरू होताना सर्वांत आधी जो कोड चालवतो, तो नेमका कोणत्या चिपमध्ये असतो हे माझ्याजवळच्या १.० आवृत्तीच्या बोर्डावर पडताळून पाहायचे मी ठरवले. या बोर्डांवरचा घड्याळाचा कपॅसिटर कालांतराने गळतो आणि आसपासच्या तांब्याच्या रेषा खातो, म्हणून तो प्रथम काढला आणि मग फ्लॅश रॉमची, म्हणजे यंत्राचा कोड कायम साठवणाऱ्या चिपची, प्रत घेतली.

पेंटियम ३ घराण्यातला हा प्रोसेसर ४ जीबीच्या पत्त्यांच्या पल्ल्याच्या टोकापासून १६ बाईट अलीकडच्या पत्त्यावरून काम सुरू करतो, त्यामुळे त्या टोकाला दिसणारे फ्लॅशचे शेवटचे ५१२ बाईट मी आधी वाचून पाहिले. तेथे आरसी४ या कूटलेखन पद्धतीने सांकेतिक मजकुराचा उलगडा करणारा, वरवर पटण्याजोगा कोड होता. मात्र त्याने बाहेर पडला तो निव्वळ कचरा. एक्सबॉक्सची सुरक्षा उलगडणारे हार्डवेअर हॅकर अँड्र्यू ‘बनी’ हुआंग यांनाही २००२ मध्ये एमआयटीत असताना हेच आढळले होते. खरे ५१२ बाईट एनव्हिडियाच्या एमसीपीएक्स या साउथब्रिजमध्ये, म्हणजे बाह्य उपकरणे सांभाळणाऱ्या चिपमध्ये, दडलेले असतात, सुरुवातीला ते फ्लॅशच्या त्या भागावर पांघरलेले असतात आणि काम संपताच बंद केले जातात. म्हणूनच चालू यंत्रावर तो पत्ता वाचला, तर फ्लॅशमधला फसवा कोडच हाती लागतो. हुआंग यांनी नॉर्थब्रिज (प्रोसेसर आणि मेमरी जोडणारी चिप) आणि साउथब्रिज यांच्यामधल्या हायपरट्रान्सपोर्ट बसवरून, म्हणजे वेगवान जोडवाहिनीवरून, जाणारे बाईट टिपले. तेवढी उपकरणे माझ्याकडे नव्हती.

मी नंतर उघड झालेली, आणि माझ्या मते अधिक देखणी, वाट धरली. प्रोसेसरची ए२०एम ही पिन ग्राउंड केली, की पत्त्यातला एक बिट शून्यच राहतो आणि प्रोसेसर नेहमीच्या पत्त्यापेक्षा १ एमबीने खालच्या पत्त्यावरून सुरू होतो. तेथे गुप्त रॉम नसतो, पण फ्लॅशचेच प्रतिबिंब असते. त्यामुळे फ्लॅशमध्ये आधीच भरून ठेवलेला माझा छोटा प्रोग्रॅम चालला आणि अजून बंद न झालेला गुप्त रॉम त्याने वाचून बाहेर पाठवला.

मिळालेली प्रत (षोडशमान पद्धतीत लिहिल्यास) ३३ सी० या बाईटांनी सुरू होते आणि ०२ ईई या बाईटांनी संपते. झेमू या एम्युलेटरला (संगणकावर एक्सबॉक्सची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला) १.० चा जो बूट रॉम लागतो, त्याची खूणही हीच आहे.