धुण्याचा नंबर गुरुवारी

सोमवारी रात्री दोन वाजता थोरली उठून बसली. "बाबा, पोटात कसंतरी होतंय," एवढं म्हणाली आणि मी "काय गं?" म्हणेपर्यंत व्हायचं ते झालं. उशी, आजीनं शिवलेली गोधडी, गादी, माझा शर्ट. दहा मिनिटांत पलीकडून धाकट्यानंही साथ दिली. तो दीड वर्षांचा आहे, ताई करेल ते त्याला करायचं असतं.

बायको कामासाठी माल्म्योला गेलेली, ती बुधवारी येणार. म्हणजे रणांगणावर मी एकटा.

स्टॉकहोममध्ये या आजाराचं नावच 'हिवाळी ओकारीचा आजार' असं आहे. उगाच लपवाछपवी नाही. पाळणाघरात एकाला झाला की आठवड्यात निम्मा वर्ग घरी. 1177 या आरोग्य सल्ल्याच्या नंबरवर फोन केला, तर नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, दर थोड्या वेळानं चमचाभर पाणी द्या, हात साबणानं धुवा, या विषाणूला हाताला लावायचं सॅनिटायझर फारसं जुमानत नाही, आणि चादरी साठ डिग्रीला धुवा.

इथेच घोडं अडलं.

आमच्या इमारतीत घरात वॉशिंग मशीन नाही. तळघरात सगळ्यांची मिळून एक धुण्याची खोली आहे. भिंतीवर एक फळा, त्यावर तारखा-वेळांची भोकं, आणि प्रत्येक घराचं आपलं एक चिमुकलं कुलूप. ज्या वेळेला कुलूप लावाल, ती वेळ तुमची. लहानपणी साताऱ्यात आम्ही नळावर हंडे ठेवून नंबर लावायचो, तसंच. फरक एवढाच की नळावर भांडणं तोंडानं व्हायची, इथे चिठ्ठ्यांनी होतात. "ड्रायरची जाळी साफ न करता जाणाऱ्यानं जरा लाज बाळगावी!!!" अशी चिठ्ठी आमच्या तळघरात कैक महिने लटकते आहे. सही नाही, पण तीन उद्गारचिन्हं आहेत. आमचं कुलूप होतं गुरुवारी संध्याकाळच्या भोकात. म्हणून पहाटे तीनला मी टबात उतरून पायानं गोधडी तुडवत होतो आणि थोरली दारात उभी राहून सांगत होती, "बाबा, नीट!"

सकाळी ऑफिसात कळवलं की आज वाब. आजारी मुलासाठी घरी राहण्याला इथे 'वाब' म्हणतात, 'मुलाची देखभाल' या अर्थाच्या स्वीडिश शब्दांची ती आद्याक्षरं. एका मुलामागे वर्षाला 120 दिवसांपर्यंत अशी रजा घेता येते, पगाराच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास पैसे सरकारी विम्यातून मिळतात, आणि पहिले सात दिवस डॉक्टरचा दाखलाही लागत नाही. फेब्रुवारीत इतके लोक वाबवर असतात की लोक त्या महिन्याला 'वाब्रुआरी' म्हणतात. साहेबांचं उत्तर आलं, "क्रिया पो!" पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी विचारात पडलो होतो की आता कोणती क्रिया करायची. त्याचा अर्थ 'लवकर बरे व्हा'.

हे सगळं एकदा अण्णांना फोनवर समजावलं होतं. अण्णांची सगळी नोकरी एसटीत गेली. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे पोरांनी ओकायचं आणि पगार तुला?" मग म्हणाले, "तू आजारी पडलास तर मला रात्री डेपोतून आल्यावर कळायचं. तोवर तुझी आई, आजी आणि खालच्या काकू मिळून तुला बरं करून मोकळ्या झालेल्या असायच्या."

खालच्या काकू इथे नाहीत. तेवढं एक सोडलं तर व्यवस्था उत्तम आहे.

मंगळवारी अकरापर्यंत दोघं ठणठणीत झाली आणि मी आडवा. पण पाळणाघराचा नियम असा की शेवटच्या उलटीनंतर 48 तास घरीच. बरी झालेली दोन मुलं, बंद घर, बाहेर बर्फ. थोरलीनं सोफ्याच्या सगळ्या उशा काढून मधोमध अजिंक्यतारा बांधला. दिवाळीत साताऱ्याला गेलो होतो तेव्हा अंगणात किल्ला केला होता, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. मदत करायला गेलो तर "ह्वेल्व!" म्हणजे 'माझं मी'. प्रत्येक स्वीडिश पोराचं हे आवडतं वाक्य आणि आमच्या घरात ते मराठीच्या मधोमध येऊन बसतं: "बाबा, तू जा, मी ह्वेल्व करते."

घर एकदम शांत झालं. लहान मूल असलेल्या कुणालाही ठाऊक आहे, ही शांतता चांगली नसते. स्वयंपाकघरात धाकट्यानं मिसळणाचा डबा उघडला होता. मोहरी चहूकडे, हळद त्याच्या अंगाला, आणि तिथून किल्ल्यापर्यंत इवलीइवली पिवळी पावलं. नेमका तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल आला. "अगंबाई, लक्ष्मीची पावलं काढली होय!" भाड्याच्या घराची पांढरी फरशी आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

आजारपणाचं मात्र सांगावं लागलं. "दृष्ट काढ," आई म्हणाली. मोहरी नाहीतरी जमिनीवर होतीच. मीठ-मोहरी आणि दोन लाल मिरच्या दोघांवरून ओवाळल्या. शेगडी विजेची, जाळ कुठून आणणार? तव्यावर टाकल्या. मिनिटभरात आम्ही तिघं खोकतोय, छतावरचा धुराचा अलार्म कोकलतोय, मी स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घालतोय, आणि थोरली टाळ्या पिटत ओरडतेय, "इयेन, बाबा, इयेन!" म्हणजे पुन्हा. आई पडद्यावरून समाधानानं म्हणाली, "बघ, किती ठसका आला. केवढी दृष्ट होती!"

बेल वाजली. समोरच्या बाई. वय सत्तरीच्या पुढे, पाच वर्षांत आमच्यात "हेय"पलीकडे शब्द नाही. आता चिठ्ठी नाही, थेट तक्रार, असं वाटून मी माफी मागायला सुरुवात केली. त्या दोन पावलं मागे सरकून उभ्या राहिल्या, माझ्या पिवळ्या पोराकडे पाहिलं, बाथरूमच्या दारावर टांगलेल्या, पाणी गळणाऱ्या गोधडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रात्री तुमच्या घरातलं ऐकू आलं. आज सहाची वेळ माझी होती. मी माझं कुलूप काढलंय, तुमचं लावा."

सहाला धाकट्याला पाठुंगळीला बांधून, दोन पिशव्या घेऊन तळघरात उतरलो. थोरली मशीनच्या गोल काचेसमोर मांडी घालून बसली. "बाबा, आजीची गोधडी चक्कर खातेय." आईला फोटो पाठवला. उलट्यांवर इतका वेळ न रागावलेली आई आता रागावली: "जुन्या साड्यांची गोधडी साठ डिग्रीत घातलीस? अरे, रंग जाईल!"

गेलाच. माझे दोन शर्ट आता गुलाबी आहेत. जाळी मात्र मी दोनदा साफ केली.