अळणी मागितलं, बिनतिखट आलं

सहा दिवसांत डोंगर झाला, तलाव झाला, एक संग्रहालय अर्धं बघून सोडलं. त्यातलं इथे काहीच येणार नाही. हे सगळं उकडलेल्या बटाट्याबद्दल आहे.

बाळ आठ महिन्यांचं, वरचं खाणं सुरू होऊन दोन महिने झालेले आणि जेवण तिन्ही वेळा बाहेर. अशा वेळी हॉटेलात "बाळासाठी अळणी काही मिळेल का?" असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: "अजिबात तिखट नसतं आमचं." अहो, तिखटाचं कुणी विचारलंय! तिखट लागलं तर बाळ तोंड वाकडं करतं, थुंकतं, रडतं, लगेच कळतं. मीठ मात्र गुपचूप पोटात जातं. वर्षाच्या आतल्या बाळाला दिवसभरात, सगळ्या खाण्यापिण्यातून मिळून, १ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरतं. चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण ६ ग्रॅम, त्याचा सहावा हिस्सा काढून बघा म्हणजे ती चिमूट केवढी ते कळेल. त्याहून जास्त मीठ बाहेर टाकण्याइतकी बाळाची मूत्रपिंडं तयार झालेली नसतात. आपण चव घेऊन ठरवावं म्हटलं तर तेही चालत नाही, कारण आपल्या जिभेला मिठाची सवय असते. आपल्याला जे बेचव लागतं त्यातही ते असू शकतं.

मग वेटर मदतीला धावतो, "गरम पाणी घालून पातळ करून देऊ का?" त्याचा हेतू चांगला, हिशेब चुकलेला. पाणी घातल्याने वाटी मोठी होते, मीठ तेवढंच राहतं. मिठाच्या पाण्यात शिजलेला भात किंवा पास्ता धुऊनही फारसं साधत नाही, मीठ दाण्याच्या आत गेलेलं असतं. सूप तर मी बाळासाठी मागतच नाही. मऊ, गरम, पातळ म्हणून ते सोयीचं दिसतं, पण त्याचा अर्क आधीच खारवलेला असतो. चीज, सॉस आणि पाव यांतही मीठ असतंच.

दुसऱ्या दिवसापासून मी "अळणी" हा शब्दच सोडून दिला आणि सालासकट शिजलेलं मागायला लागले. सालीतला बटाटा, कवचातलं अंडं, आणि न शिजवता केळं. यात स्वयंपाकी मीठ घालायचं म्हटलं तरी आतपर्यंत पोचत नाही. गाजर किंवा भोपळा हवा असेल तर "नुसता वाफवून, काही न घालता, वेगळ्या भांड्यात" एवढं पुरेसं होतं. मात्र हे टेबलावर पदार्थ आल्यावर नाही, ऑर्डर देतानाच सांगायचं. जमलं तर निघण्यापूर्वी फोन करावा, कारण अख्खा बटाटा उकडायला २०–२५ मिनिटं लागतात आणि भुकेलं बाळ पाच मिनिटंही दम धरत नाही. अंडं १०–१२ मिनिटांत होतं. पिवळं पूर्ण घट्ट हवं, ओलसर पिवळं परक्या स्वयंपाकघरातलं तर नकोच. आणि अंडं घरी आधी खाऊन पचलेलं असलं तरच. नवा पदार्थ पहिल्यांदा द्यायला प्रवास ही सगळ्यात वाईट जागा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घरघरला, तर डॉक्टर कुठे शोधायचा?

बटाटा आला की तो ढिगाने कुस्करू नका. ढीग बाहेरून कोमट आणि आत चटका बसेल इतका गरम राहतो. ताटलीभर पातळ पसरला की तीन-चार मिनिटांत निवतो. मग मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा आणि अंगावरच्या किंवा डब्याच्या तयार दुधाने सैल करायचा. मायक्रोवेव्हमधून गरम करून आणलेलं असेल तर तळापासून ढवळून थोडं थांबायचं, कारण त्यात एक घास गार आणि दुसरा पोळणारा निघतो.

आठव्या महिन्यात अगदी गंधासारखं वाटायची गरज नसते. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात सहज चिरडला जाईल असा बोटाएवढा तुकडा बाळ स्वतः धरून खातं. ताटातली सजावट मात्र आधी उचलून ठेवा. अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराच्या चकत्या, शेंगदाणे, मक्याच्या लाह्या, हे सगळं श्वासनलिका बंद करण्याच्या नेमक्या मापाचं असतं. द्राक्ष द्यायचंच तर उभे चार भाग करून. खाताना बाळ खोकलं, ओकारी काढली, लाल झालं, आवाज करत राहिलं, तर त्याला बोट न लावता बघत राहायचं. ते स्वतःच घास पुढे ढकलतं. आवाजच बंद झाला तर मात्र धोका. वर्षाखालच्या बाळाला डोकं खाली ठेवून पाठीवर ५ थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. हे निघण्याआधी कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्यावं, वाचून हाताला येत नाही.

बाळासाठीची उंच खुर्ची बहुतेक ठिकाणी असते, तिचे पट्टे धड असतीलच असं नाही. दोन पायांमधला पट्टा नसेल तर बाळ खाली सरकतं आणि खाण्याऐवजी सावरण्यातच दमतं. टेबलाला अडकवायची खुर्ची नेली असेल तर काचेचं टेबल, एकाच मधल्या पायावरचं टेबल आणि टेबलक्लॉथ, तिन्हींना नाही म्हणायचं.

शेजारच्या टेबलावरच्या माया लावणाऱ्या माणसांचं काय करायचं, हे मला अजून नीट जमलेलं नाही. बोटावर मध घेऊन कुणी पुढे झालं की मी थेट हात आडवा धरते, उद्धट दिसलं तरी चालेल. वर्षाच्या आत मध नाहीच. त्यात बोट्युलिझम नावाच्या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि मध गरम केल्यानेही ते मरत नाहीत.

उरलेलं बांधून घेण्याचा मोह टाळावा. बाळाचा चमचा लागलेलं उष्टं टाकूनच द्यायचं, त्यात लाळ गेलेली असते. न लागलेलं अन्न बाहेर दोन तास, कडक उन्हात एकच तास. भाताचं तर विशेष जपायचं, त्यातले काही बीजाणू शिजूनही टिकतात आणि भात उबेत राहिला की वाढतात. सकाळचा भात संध्याकाळी गरम करून काही उपयोग होत नाही, तयार झालेलं विष उष्णतेला दाद देत नाही.

किती खाल्लं याची मोजदाद मी सोडली आहे. या वयाला एका वेळी २५० मिलिलिटरच्या वाटीची अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा, शिवाय दूध. प्रवासात एखादी वेळ चार चमच्यांवर आटोपते. बाळाने मान फिरवली की चमचा खाली ठेवायचा.

खुर्चीखाली सांडलेली भाताची शितं थेट ओल्या फडक्याने पुसायला गेलं की सगळीकडे पसरतात. आधी कोरड्या कागदाने उचलायची, मग पुसायचं. वेटर "राहू द्या, आम्ही करतो" म्हणतोच, पण आपल्याला उद्या परत तिथेच बटाटा मागायचा असतो.